परत्याचा क्रूस

आमच्या हिंटरफाल्समध्ये माणसाची किंमत तो किती शिखरांवर जाऊन आला यावर ठरते. गाई दूध किती देतात, गवत वेळेवर कापलं का, बायकोशी बरं चाललंय का, हे सगळं त्यानंतर. अशा गावात रोमेड थालर नावाचा गडी साठीपर्यंत ताठ मानेनं जगला, आणि नाव घेण्याजोग्या एकाही शिखराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या क्रूसाला त्याचा हात लागलेला नव्हता.

जात नव्हता असं नाही. उन्हाळ्यात त्याच्या करड्या गाई आणि हिवाळ्यात ग्रामपंचायतीचं बर्फ लोटायचं यंत्र, यांतून रविवार मोकळा मिळाला की हा निघालाच. चढताना मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, पाठीला फावडं बांधायचं, खिशात काळा पाव आणि स्पेकचा, म्हणजे धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाचा, तुकडा टाकायचा, आणि जंगलातून वर. दुपारच्या घंटेला हा परत गावात. कुठून आलास म्हणून विचारलं तर "वरून" असं तो कधीच म्हणाला नाही. खिंडीच्या अलीकडून, शेवटच्या चढाखालून, क्रूस दिसत होता तिथून. गावानं त्याचं नाव परत्या ठेवलं ते यावरून.

दुसरा कुणी या नावानं खजील झाला असता. रोमेडनं ते मिशीसारखं मिरवलं. मोनीच्या खानावळीत रोजच्या मंडळींचं एक टेबल आहे. तिथं पत्ते खेळता खेळता लोक आपापली शिखरं सांगतात. रोमेड आपलं परत फिरणं सांगायचा. अमुक कड्याखाली आलो, वाऱ्यानं बर्फ कसा लोटून ठेवला होता, वर बघितलं, खाली बघितलं, पाव काढला, खाल्ला, आणि वळलो. एवढंच. पण सांगताना हात असा फिरवायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, वळणं हीच काहीतरी मोठी कामगिरी आहे आणि बाकीचे उगाच सरळ जाऊन तिची मजा घालवतात. एकदा गाडीवाल्या फ्लोरिननं त्याला विचारलं, त्या उतारावरचा बर्फ त्या दिवशी खरंच सुटून खाली आला असता का रे? रोमेड म्हणाला, "मला काय माहीत? माहीत असतं तर गेलो नसतो का?"

यावर टेबल खदखदून हसलं. मीही हसले. तेव्हा मला ते वाक्य विनोदी वाटलं होतं.

त्या टेबलाच्या वर, शेकोटीच्या बाजूच्या भिंतीवर, फोटोंची रांग आहे. आमच्या डोंगर मंडळाचा एक चांदीचा बिल्ला असतो. तो ज्यांना मिळाला त्यांचे ते फोटो. बिल्ला मिळण्याची रीत जुनी आहे आणि सगळ्यांना पाठ आहे: मार्चमध्ये संत योसेफाच्या दिवशी मंडळ वाइसमांडलच्या शिखरावर चढतं, पाद्री वर मिस्सेची प्रार्थना म्हणतात, आणि क्रूसाखाली उभं करून अध्यक्ष माणसाच्या छातीला बिल्ला टोचतात. खाली गावात तो कुणालाही मिळत नाही. एका मंत्र्यानं मागून पाहिला होता, त्यालाही नाही. फोटोंपैकी काहींच्या, जे डोंगरावरून परत आले नाहीत त्यांच्या, कोपऱ्याला काळी फीत आहे. फीतवाल्यांकडे बघताना गाव टोपी काढतं, म्हणून पोरासोरांना वाटतं की फीत ही बिल्ल्याच्या वरची पायरी असावी.

रोमेडची बायको त्सेन्झी हिचे वडील त्या भिंतीवर आहेत, दोन्ही भाऊ आहेत. वडिलांना आणि धाकट्या भावाला फीत आहे. रोमेडच्या घराण्यातला एकही माणूस तिथं नाही. त्याचा बाप परत फिरायचा, आजाही परत फिरायचा, आणि तिघेही आपापल्या अंथरुणात म्हातारे झाले किंवा होत होते. त्सेन्झी त्या खानावळीत गेली की भिंतीकडे तोंड करून बसायची. नवऱ्याचा फोटो तिथं लागावा असं तिला मनापासून वाटायचं. एकदा चीज ढवळता ढवळता मला म्हणाली होती, "फोटो हवाय गं. फीत नकोय. एवढं काय जास्त मागते मी?"

आता माइनहार्ड प्लाटनर. गावातलं सर्वांत मोठं हॉटेल त्याचं, आणि डोंगर मंडळाचा अध्यक्षही तोच. व्हिएन्नाहून त्याला व्यापार सल्लागार अशी मानाची पदवी मिळाली आहे. आयुष्यात ज्यानं कुणाचा सल्ला घेतला नाही, त्याला सरकारनं सल्लागार केलं. तेव्हापासून गावात त्याला सल्लागारसाहेब म्हणावं लागतं आणि त्याच्या बायकोला, जिनं पदवीसाठी काही केलेलं नाही, सल्लागारीणबाई. वाइसमांडलच्या अंगावर कढई नावाची एक खोलगट जागा आहे. तिच्यावरून माणसांना वर नेणाऱ्या पाळण्याची तार न्यायचा त्याचा डाव मी ग्रामसभेत हाणून पाडला होता. त्यामुळे त्याच्याबद्दल माझं तोंड जरा जास्त सुटतं, हे आधीच सांगून टाकते. त्याला जागेवर बसवायला मला कधी कुणाची पदवी लागली नाही.

तर त्या वर्षी वाइसमांडलवरचा जुना क्रूस वाऱ्यानं मोडला होता. नवा लार्च लाकडाचा करून घेतला होता आणि तो उन्हाळ्यात खांद्यावरून नेण्यापेक्षा बर्फावरून घसरगाडीवर ओढून न्यावा, असं ठरलं. मंडळाचा नेहमीचा वाटाड्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊन पडून होता. माइनहार्डच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या, आणि त्याला तशी सवय नसल्यामुळे तो फार खूश झाला. रोमेड साठीचा झाला आहे. परत्याला शिखरावर नेऊन बिल्ला लावला तर वर्तमानपत्रात छापून येईल. आणि त्यालाच वाटाड्या केलं, तर बेटा वळेल कसा?

हे त्यानं खानावळीत, सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्सेन्झी तिथंच होती. तिचा चेहरा मी बघितला आणि माइनहार्डला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या, कारण आता रोमेडला नाही म्हणता येणार नव्हतं.

"नेत्याला परत फिरता येत नसतं, बरं का," माइनहार्ड म्हणाला.

"नेत्यालाच येतं, सल्लागारसाहेब," रोमेड म्हणाला. "बाकीच्यांना त्याला विचारावं लागतं."

पण हो म्हणाला. आणि पुढचे काही दिवस मी त्याला दोनदा पाहिलं, खानावळ रिकामी असताना, त्या भिंतीवरची एक मोकळी खिळ्याची जागा बघत उभा होता. परत्यालाही बिल्ला हवा होता. ते मला तोवर माहीत नव्हतं.

योसेफाच्या दिवसाआधी बर्फ पडला आणि पडता पडता वायव्येचा वारा सुटला. आदल्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. हिमलोटाचा रोजचा इशारा आला, त्यात झाडांच्या वरच्या पट्ट्यासाठी तीन होतं. पाच म्हणजे घराबाहेर पडू नका, एक म्हणजे जा बाबा. मधल्या तीनचं आमच्याकडे ज्याला जसं हवं तसं भाषांतर होतं. माइनहार्डनं हॉटेलच्या पाहुण्यांना सांगितलं, पाचापैकी तीन, म्हणजे साठ टक्के, म्हणजे पहिल्या वर्गात पास. इशाऱ्याच्या खाली बरंच काही लिहिलेलं असतं: वाऱ्यानं आडोशाला साठवलेल्या ताज्या बर्फाचे थर, एका माणसाच्या वजनानंही सुटतील, तीव्र उतार टाळा. तेवढं खाली कोण वाचतं?

सकाळी चर्चच्या अंगणात सगळे जमले. मंडळाची माणसं, बँडचे चार वाजंत्री, पोलंडहून आलेले आमचे पाद्री फादर बोगुमिल, हॉटेलचे काही पाहुणे, आणि इन्सब्रुकहून आलेली एक बातमीदार बाई. तिनं पहिल्यांदा रोमेडलाच गाठलं. तुमच्या घरातलं कुणी हिमलोटात गेलं होतं का, म्हणून तुम्ही असे झालात का, असं ती फार हळुवार आवाजात विचारत होती. रोमेडनं आठवून पाहिलं. नाही, कुणीच नाही. चुलता? नाही. निदान एखादा जिवलग मित्र? रोमेडला तिची दया आली असावी. म्हणाला, एक बैल गेला होता, पण तो पण ओढ्यात. बाईंनी वही मिटली.

मग रोमेड अंगणाच्या टोकाला, वाट सुरू होते तिथं उभा राहिला. आमच्याकडे निघताना प्रत्येकाचा बीपर तपासतात. छातीला बांधायचं छोटं यंत्र. माणूस बर्फाखाली गाडला गेला तर वरचे लोक आपल्या यंत्रावर त्याचा सिग्नल ऐकून शोधतात. रोमेडनं स्वतःचा बीपर ऐकण्यावर लावला आणि एकेकाला अंतर ठेवून पुढं सोडू लागला. बीप, बीप, कर्णेवाला गेला. बीप, बीप, फादर गेले. माइनहार्ड गेला, आणि काहीच नाही.

"साहेब, मागं या. तुम्ही वाजला नाहीत."

"मी वाजायला काय घंटा आहे?"

बीपर कुठं आहे ते काही केल्या तो सांगेना. शेवटी सल्लागारीणबाईंनीच सांगितलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला फादर बोगुमिल स्की, फावडी आणि बीपर सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात. आता पवित्र पाणी पडलेली वस्तू नवऱ्याच्या घामट बनियनवर बांधायची, हे बाईंना पटेना. म्हणून त्यांनी ती बैठकीतल्या देवाच्या कोपऱ्यात, क्रूसाच्या खाली, झावळ्यांच्या रविवारच्या वाळल्या फांद्या आणि सासऱ्यांचा फोटो यांच्या मधोमध ठेवली होती. चालू करून ठेवली होती, म्हणजे वरती ऐकू जाईल.

कुणीतरी घरून ती घेऊन आलं. बॅटरी अर्थातच केव्हाच संपलेली. माइनहार्डनं फादरांकडे असं बघितलं की जणू त्यांनी फसवलं.

"मी आशीर्वाद दिला होता," फादर म्हणाले. "बॅटरी नव्हती दिली."

हसण्याचा आवाज जरा कमीच आला, कारण तेवढ्यात वाजंत्र्यांपैकी एक आणि मंडळाचे दोघं सभासद, पोटात कळ आल्याचं सांगून, घाईघाईनं आपापल्या घरी गेले आणि परतले तेव्हा व्यवस्थित वाजत होते. नव्या बॅटऱ्या मिळेपर्यंत ऊन वाइसमांडलच्या खांद्यावर येऊन बसलं. रोमेड एकदा वर बघायचा, एकदा माइनहार्डकडे. ऊन चढलं की बर्फ सैल होतो.

जंगल आरामात पार झालं. घसरगाडीवर क्रूसाचे दोन वासे बांधलेले, चौघं ओढतायत, मागून कर्णेवाला मधूनच एखादी तान सोडतोय. झाडं संपली तिथं ओक्सनआल्म नावाची गुराख्यांची झोपडी आहे. तिथं आम्ही चहात थोडी श्नाप्सची दारू टाकून प्यालो. आमच्याकडे झाडं संपली की साहेब संपतात. तिथून वर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो सल्लागार असो की बर्फ लोटणारा. माइनहार्डला ही रीत फार आवडते, कारण त्यात तो किती साधा आहे हे लोकांना दिसतं. फक्त त्याला हे लक्षात राहत नाही की ती दोन्ही बाजूंनी चालते.

झोपडीच्या वर बर्फाचं रूप बदललं. खाली मऊ होता, इथं निस्तेज आणि कडक, पाय दिला की तबकडीसारखा फुटायचा. वर धारेवरून अजून धुरासारखा बर्फ उडत होता आणि तो सगळा पलीकडे, कढईच्या आत जाऊन पडत होता. रोमेडनं सगळ्यांना अंतर ठेवून चालायला लावलं. कुणाला पटलं नाही, कारण अंतर ठेवलं की गप्पा मारता येत नाहीत. मग एका सपाटीवर आम्ही सगळे असताना पायाखालून आवाज आला. ज्यानं ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही: मोठं जनावर झोपेत उसासा टाकतं तसा, खोल, आणि आतला कच्चा थर मोडून वरचा सगळा बर्फ एक बोटभर खाली बसतो. हूंम्.

सगळे थांबले. कर्णेवाल्यानं टोपी काढून सांगितलं की माफ करा, माझं पोट. लोक हसले आणि चालू लागले. रोमेडच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग सुरू होऊन सरळ पुढं गेली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, दरवाजाखालून कुणी सरकवलेली नोटीस बघावी तसा.

कढईच्या खाली एक रुंद उंचवटा आहे. वरून काही सुटलं तरी ते दोन्ही अंगांनी निघून जाईल अशी ती जागा. रोमेड तिथं पोचला आणि थांबला. मागून एकेक करून सगळे येऊन थांबले. समोर कढई, तिच्या वरच्या काठावर खिंड, खिंडीच्या डाव्या हाताला शिखर. आणि शिखरावर, निळ्या आभाळापुढं, दोन माणसं. परकी असावीत, पहाटेच निघालेली. त्यांच्या स्कीची ताजी रेघ कढईच्या बरोबर मधून वर गेलेली. आम्हाला बघून ती काठ्या हलवू लागली.

माइनहार्डचा चेहरा असा उजळला, जणू ती दोघं त्यानंच पाठवली होती.

"बघ. त्यांना काही झालं? हात हलवतायत."

"बघतोय."

"मग चल ना."

"नाही रे, माइनहार्ड. इथून वळायचं."

मग जो काही गलका झाला तो सगळा लिहीत नाही. मंडळाचा खजिनदार म्हणाला, रेघ पडली म्हणजे उतार पक्का झाला, आता तो आगगाडीच्या रुळासारखा. एका पाहुण्यानं विचारलं की हिमलोट येणार असेल तर नक्की किती वाजता, म्हणजे त्याआधी जाऊन येऊ. कर्णेवाला म्हणाला, एकेकानं जाऊ, आणि पहिल्यानं माइनहार्डनं जावं, त्यावर माइनहार्डला अध्यक्षानं मागून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं हे आठवलं. आणि खरं सांगायचं तर मलाही वर जायचं होतं. ऊन होतं, रेघ तयार होती, आणि माझे पाय म्हणत होते की बाई, एवढं आलो. मी रोमेडला म्हणाले की तुला निदान ठाम सांगता यायला हवं, हा सुटणार की नाही सुटणार.

"मला नाही माहीत," रोमेड म्हणाला. "तुला माहितीये? कुणाला माहीत असेल त्यानं हात वर करा, मी त्याच्या मागून येतो."

हात फक्त शिखरावरची दोघं हलवत होती.

माइनहार्डनं मग हुकमाचं पान काढलं. छातीच्या खिशातून लाल मखमलीची डबी काढून त्यानं ती उघडली आणि रोमेडच्या नाकासमोर धरली. चांदीचा बिल्ला उन्हात चमकला. माइनहार्ड आवाज खाली आणून म्हणाला, "साठ वर्षं, रोमेड. भिंतीवर जागा ठेवलीय. क्रूसाखाली उभा राहा, एवढंच. तुझ्यासाठी नको म्हणत असशील तर तिच्यासाठी."

त्यानं मान वळवली तिकडे त्सेन्झी उभी होती. काठ्यांवर हनुवटी टेकवून ती वर बघत होती.

रोमेड बिल्ल्याकडे बघत होता. इतका वेळ बघत होता की मला वाटलं, गेला. आज परत्या संपला. मग तो घसरगाडीपाशी गेला, स्की काढल्या, आणि क्रूसावर बसला. आडव्या बांधलेल्या उभ्या वाशावर, पाठ शिखराकडे करून, सरळ बसला. खिशातून पाव आणि स्पेक काढला आणि सुरीनं काप करू लागला.

क्रूसावर.  खजिनदारानं छातीवर क्रूसाची खूण केली. माइनहार्ड फादरांकडे वळला की आता तुम्हीच सांगा काहीतरी, हे पाप आहे. फादर बोगुमिल दम खात होते. सपाटीपासून ते दमच खात होते.

"क्रूस ओढून न्यायचा तर मला उठवावं लागेल," रोमेड म्हणाला. "बाकी ज्याला जायचं त्यानं जावं. मी नेता, मी सांगितलंय. पण हा इथंच राहणार."

आणि क्रूसाशिवाय वर जाऊन करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. मिस्सा कशाखाली, बिल्ला कशाखाली, फोटो कशाखाली?

त्या वेळी त्सेन्झी हलली. ती रोमेडपाशी आली, आणि मला वाटलं आता ही त्याला ऐकवणार, इतक्या वर्षांचं सगळं. तिनं स्की काढल्या. त्याला कोपरानं जरा सरकवलं आणि शेजारी बसली.

"स्पेक दे थोडा," ती म्हणाली. "पाव जाड काप."

बस. तिच्यानंतर वर जाणार कोण? जिचे वडील आणि भाऊ त्या भिंतीवर होते, ती खाली बसली होती. कर्णेवाल्यानं पाठपिशवी उतरवली. एकेक करून स्कीचे खटके सुटल्याचे आवाज यायला लागले. फादर बोगुमिल म्हणाले की मिस्सा इथंही होईल, देव या उंचीवरून ऐकतो, आणि ते बर्फात इतक्या आनंदानं बसले की तिथून त्यांना उठवायला नंतर दोघं लागले.

माइनहार्ड तेवढा उभा राहिला, उघडी डबी हातात घेऊन. बातमीदार बाई त्याला विचारत होती की मग फोटोचं काय. मी त्याच्या बाजूनं आयुष्यात कधी काही लिहिलेलं नाही, पण हे लिहायला हवं: त्या माणसाला संधी लांबून दिसते. त्यानं इकडे तिकडे बघितलं, डबी बंद केली, आणि चौघांना सांगितलं की वासे सोडा. फावड्यांनी खड्डा केला, आडवा वासा उभ्याला बांधला, आणि नवा क्रूस त्या उंचवट्यावर बर्फात उभा केला, जरा डावीकडे कललेला. वाजंत्र्यांनी गार झालेल्या ओठांनी वाजवलं. फादरांनी बसूनच मिस्सा म्हटली. आणि माइनहार्डनं रोमेडला क्रूसाखाली उभं करून त्याच्या छातीला बिल्ला टोचला, आणि भाषणात म्हणाला की रीत क्रूसाखालची आहे, क्रूस कुठं आहे याला महत्त्व नाही, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय.

रोमेड बिल्ल्याकडे बघून म्हणाला, "वाकडा लावलास रे."

आता वाचणाऱ्याला वाटत असेल की आम्ही खाली आलो आणि मागं वळून बघितलं तर धडाडधूम. तसं झालं असतं तर हे लिहायला मला सोपं गेलं असतं. कढई सुटली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ती दोन परकी माणसं तिच्यातून झोकदार वळणं घेत खाली आली आणि संध्याकाळी खानावळीत बसून बर्फ किती छान होता ते सांगत होती. गाव महिनाभर हसलं. एप्रिलमध्ये कढईतला बर्फ जागच्या जागी वितळून ओढ्याला मिळाला. उतारानं आमच्या बाजूनं साक्ष दिली नाही. मी त्यावर चिडून रोमेडला विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तो म्हणाला, कशाचं? सगळे घरी आलो की.

फोटो भिंतीवर लागला. त्सेन्झीनं स्वतः निवडला. बिल्ला टोचतानाचा नाही, त्यात माइनहार्डच जास्त दिसतो. दोघं क्रूसावर बसून पाव खातानाचा आहे. फीत नाही. ती आता खानावळीत गेली की भिंतीकडे पाठ करून बसते, मागं काय आहे ते तिला माहीत आहे म्हणून.

क्रूस मात्र तिथंच राहिला. बर्फ गेल्यावर आडवा झाला, आणि तो वर न्यावा की खाली आणावा यावर मंडळाच्या दोन बैठका झाल्या. तेवढ्यात माइनहार्डच्या लक्षात आलं की शिखरापेक्षा तिथं जाणं कितीतरी सोपं आहे. त्यानं सिमेंटचा पाया घातला, बाक टाकला, आणि हॉटेलाच्या दारात पाटी लावली: परत्याचा क्रूस, सगळ्या वयांसाठी. उन्हाळ्यात पाहुणे चपला घालून जातात. हिवाळ्यात बर्फात न रुतणारे रुंद जोडे घालून जातात, क्रूसाला हात लावून फोटो काढतात, आणि आम्ही परत फिरलो असं अभिमानानं सांगतात. शिखर करायच्या लोकांची एक रांग होती, आता परत फिरायच्या लोकांची दुसरी झाली. रोमेड त्या पाटीसमोरून जाताना थुंकतो.

पुढचा योसेफाचा दिवस आला. आदल्या आठवड्यात आभाळ फाटल्यासारखा बर्फ पडला आणि इशारा चारवर गेला. वाटाड्याचा गुडघा बरा झाला होता, पण मंडळानं रोमेडलाच नेता केलं. गावात सगळे निमूटपणे वाजले. सल्लागारीणबाईंनी देवाच्या कोपऱ्यात आता नुसत्या बॅटऱ्या ठेवल्या आहेत. माइनहार्डनं निघतानाच सांगून टाकलं की शिखर राहू दे, पण निदान आपल्या क्रूसापर्यंत जाऊ, तिथं तर काही प्रश्न नाही, तो तुझाच आहे.

ओक्सनआल्मच्या झोपडीपाशी आम्ही चहाला थांबलो. रोमेड चहा घेऊन एकटाच पुढं गेला. क्रूस दिसत होता, छातीपर्यंत बुडालेला. तिकडे जाणारी वाट एका उताराच्या पायथ्यावरून जाते, आणि तो उतार वर भरलेल्या गोणीसारखा फुगला होता. रोमेड बराच वेळ स्वतःच्या नावाच्या क्रूसाकडे बघत उभा राहिला. वर बघितलं, खाली बघितलं. पाव काढला, खाल्ला. मग तो आमच्याकडे वळला, तो ठेवणीतला हात फिरवायच्या तयारीत.

खाली उतरायला म्हणून आमच्या स्कीखालच्या पट्ट्या काढून झाल्या होत्या. फादर बोगुमिल झोपडीच्या पायरीवर मिस्सेचं सामान मांडत होते. माइनहार्ड, तोंड वाकडं करून का होईना, बूट उतारासाठी आवळत होता.

रोमेडचा हात तसाच हवेत राहिला.

"अरे, मी अजून काही बोललोसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि दिवसभर आमच्यावर रुसून बसला.